आठचा गजर आणि बैठका

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. नोकरीच्या गावी नवी खोली, दोघांत एक. दुसरा वेल्डर आहे. आडदांड, मोजकं बोलणारा. आजवर रोज सकाळी आठला आई तळहातावर गोळी ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. एचआयव्ही मला जन्मापासून आहे, तिलाही आहे, त्यात नवीन काही नाही. आता मी स्वतंत्र. मोबाइलवर आठचा गजर लावला. संकल्प: एकही गोळी चुकणार नाही. वक्तृत्वाचे करंडक ठेवायला ज्याच्या घरी कपाट अपुरं पडतं, त्याला एक गोळी काय जड.

४ जानेवारी, सकाळी ८.१०
गजर झाला. पार्टनर समोरच बुटाची नाडी बांधत होता. विचारलं, कसला रे गजर? प्रसंगावधान हा वक्त्याचा पहिला गुण. व्यायामाचा, म्हणालो. तो बघतच राहिला, म्हणून बैठका माराव्या लागल्या. गोळी संध्याकाळी.

संध्याकाळी
सकाळची गोळी संध्याकाळी घेणं शिस्तीत बसत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. घेतली नाही.

९ जानेवारी
पार्टनर म्हणाला, एकटाच काय मारतोस, मीही येतो, माझंही पोट सुटलंय. आता आठला दोघं समोरासमोर बैठका मारतो. तो मोठ्याने आकडे म्हणतो. मी थांबलो की म्हणतो, काय साहेब, दम संपला? यात गोळीला जागा कुठे आहे? डबी जुन्या बुटात ठेवली. खडखडू नये म्हणून आत कापूस कोंबला. अशा गोष्टी सुचाव्या लागतात.
आईचा फोन आला. घेतलीस का रे? हो म्हणालो. तपशिलात शिरलो नाही.

२२ जानेवारी, गुरुवार
मांड्या इतक्या दुखतात की खुर्चीतून उठताना टेबलाला हात जोडावे लागतात. त्यातून चिंतन घडलं. कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून माणसं रस्त्यावर उतरली. औषधाच्या सुट्टीसाठी कोणी ब्र काढला? यापुढे दर रविवारी गोळीला सुट्टी. आज गुरुवार आहे, पण मागचा अन्याय भरून काढायला आजही दिली.

२ फेब्रुवारी
दवाखान्यात आमच्या तरुण मंडळींचा मेळावा. समुपदेशक ताईंनी मला बोलायला सांगितलं. विषय: न लाजता, न लपवता, न चुकता. टेबलावर मूठ आपटली, पाण्याचा जग कलंडला, टाळ्या थांबेनात. नंतर एका चष्मेवालीने उठून विचारलं, दादा, खोलीत दुसरं माणूस असेल तर डबी कुठे ठेवायची? मी म्हणालो, निर्धारात. पुन्हा टाळ्या. ती मात्र म्हणाली की ती पिशवीत ठेवते आणि न्हाणीघरात नळाच्या पाण्याबरोबर गिळते. बरी मुलगी आहे, पण मांडणीत जोर नाही.
जाताना रक्त घेतलं. विषाणू किती, ते मोजणार.

१९ फेब्रुवारी
ऑफिसात सगळे म्हणतात, काय तब्येत कमावलीस. पँट मांड्यांत घट्ट होते. हे शरीर पाहून विषाणू स्वतःच निघून गेला असणार. डॉक्टरांनी यावर अभ्यास करावा. मी उपलब्ध आहे.

१ मार्च
चष्मेवालीने ग्रुपवर आपला रिपोर्ट टाकला. विषाणू सापडत नाही इतका कमी. माझा यायचाय. आभाराचं भाषण तयार ठेवलं.

७ मार्च, शनिवार, दुपार
परवा दवाखान्याची तारीख. ताई डबी उघडून उरलेल्या गोळ्या मोजतात. माझ्या डबीत जरा जास्तच उरल्यात. बाईंना उगाच वाईट वाटेल. बेसिनमध्ये सोडून दिल्या. हिशेबाने दोन-तीन शिल्लक हव्या होत्या, पण माझं काम अर्धवट नसतं.

संध्याकाळी
ताईंचा फोन. विषाणू भरमसाट वाढलाय. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. म्हणाल्या, असंच चाललं तर या गोळ्या तुला लागू पडेनाशा होतील, मग याहून जड औषधं. तीही वाया घालवलीस तर माझ्याकडे फारसं काही उरणार नाही रे. सोमवारी ये. तोवर एकही चुकवू नकोस.
आईचाही फोन वाजला. उचलला नाही.

८ मार्च, रविवार
ठरलं. पार्टनरला सगळं सांगायचं आणि त्याच्यासमोर गोळी घ्यायची. भाषण तयार केलं: समाज, विज्ञान, मैत्री. खोली सोडावी लागली तर शेवटचा परिच्छेद वेगळा. गजर वाजला. उभा राहिलो, घसा खाकरला, मित्रा, म्हणालो. पुढचं एकही वाक्य आठवलं नाही. मला एचआयव्ही आहे, एवढंच निघालं.
पार्टनर म्हणाला, बुटातली डबी त्याचीच ना? झाडताना दिसली होती. माझा काका तेच घेतो, त्याला नातू झालाय. मला वाटलं, मी कामावर गेल्यावर घेत असशील. म्हणजे या बैठका उगाच का रे? गुडघे गेले माझे. मग उठून माठातलं पाणी पेल्यात ओतलं, माझ्यापुढे धरलं, म्हणाला, घे आता, मी बघतो.
डबी उघडली. आत कापूस.
त्याने डबीत पाहिलं, मग माझ्याकडे. पेला खाली घेतला नाही.
नुसतं पाणी प्यालो.