गंगेला सोडलेलं

१४ मे २०११, पनवेल स्टेशन
गाडी लेट. दादा फलाटावरून अख्ख्या गोतावळ्याला फोन करून सांगतोय, "गोमुखला चाललोय, बाबांना घेऊन." बाबांच्या किडनीवर गाठ आहे हे मात्र एकालाही सांगत नाही. शुभ कामाला निघताना अभद्र नको म्हणे.
डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय: गाठ लहान आहे, आत्ताच काढली तर माणूस ठणठणीत. थांबलात तर सांगता येत नाही. २ जूनला ॲडमिट. बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आदी गोमुख." डॉक्टरही हो म्हणाले, तब्येत चांगली आहे, जाऊन या. तब्येत चांगली आहे हीच तर पंचाईत. दुखत नाही म्हणजे बाबांच्या लेखी काही झालेलंच नाही.
आई असती तर एका शब्दात गप्प केलं असतं.

१७ मे, उत्तरकाशी
परवान्याच्या रांगेत बाबांचं हिंदी. साहेब म्हणाला, वय जास्त आहे, घोडा करा. बाबा : "हम सुकापूर का आगरी है. शेत में चला हुआ हय." साहेब हसला, शिक्का मारला. मीही हसले. ऑपरेशनचा विषय काढला की मात्र खिडकीबाहेर बघतात.

१९ मे, भोजबासा
पोचलो. धाप, डोकेदुखी, तोंडाला चव नाही. आश्रमात खिचडी मिळाली, गरम होती.
दादा खेचरावर बसून आला. पाय दुखतात. साठी बाबांची उलटलीय की याची? बाबा माझ्यापुढे चालत होते. दगड घरंगळतात त्या पट्ट्यात थांबून त्यांनी मला हात दिला. वाटेत गाढी नदीच्या गोष्टी. लहानपणी म्हशीच्या शेपटीला धरून पोहायला शिकले, आता त्या पाण्यात पाय घालवत नाही, वगैरे. फार दिवसांनी इतकं बोलले माझ्याशी. वाटलं, बरं झालं आलो.

२० मे, रात्री, परत भोजबासा
झोप लागत नाहीय. थंडीने नाही.
सकाळी गोमुख. मला पांढराशुभ्र बर्फ वाटला होता. राखाडी, मळका, भेगाळलेला डोंगर निघाला. खालच्या कपारीतून गढूळ पाणी उसळत येतं, त्यात बर्फाचे तुकडे. मध्येच वरून एखादी कड कोसळते. जवळ जाऊ नका अशी पाटी, आणि पाटीच्या पुढे सगळे. दिसायला तसं काही सुंदर नाही, पण मी हात जोडले. खरंच जोडले.
आमच्यात गंगेवर गेलं की एक आवडतं सोडतात, मग जन्मभर त्याला शिवायचं नाही. दादाने चहा सोडला. बाबा घोटाभर पाण्यात उतरले. ओंजळ भरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गंगामाय, मी ऑपरेशन सोडलं."
आधी मला कळलंच नाही. "काय म्हणालात?"
"आयकलंस ते."
दादाने डोळे मिटून नमस्कार केला! बरोबरच्या नाशिकच्या बाई म्हणाल्या, केवढी श्रद्धा. मी ओरडले, काय वाट्टेल ते ओरडले. दादा म्हणतो, तीर्थावर असं बोलू नये. तीर्थावर मरण मागून घ्यावं, ते चालतं.

२१ मे, गंगोत्री
उतरताना एकटीच पुढे आले. बाबांशी बोलले नाही.
दादा : "गंगेला सोडलेलं परत घेत नाहीत गं. पाप लागतं."
मी : "आणि बाप गेला की पुण्य लागतं का?"
फोनला रेंज आल्याबरोबर त्याने गावभर बातमी पोचवली. गाठीचं सांगायला लाज वाटत होती, नवसाचं सांगताना छाती फुगलीय.

२५ मे, सुकापूर
घरी. बाया येऊन बाबांच्या पाया पडतायत. बाबा ओटीवर पाय पुढे करून बसलेत. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, घेऊन या, मी समजावतो. बाबा येत नाहीत. "जबान दिलीय." दादा दिवसातून पाच वेळा कॉफी पितो.
चीड, चीड, नुसती चीड. ऑफिसात एका गरीब माणसावर उगाच खेकसले.

२९ मे
यात्रेचं मावंदं घातलं. गंगेच्या गडूची पूजा, पुरी-श्रीखंड, शंभरेक पानं. मी वाढलं, तोंड शिवून.
आपटा गावची आत्या आली होती. बाबांची थोरली बहीण, काशी करून आलेली. तिने तिथे जिताडा सोडला, खाडीतला सगळ्यात चविष्ट मासा. आगऱ्याच्या बाईने जिताडा सोडायचा म्हणजे काय, ते आमच्यातल्यांनाच कळेल. घरात तो शिजला की ती उठून अंगणात जाऊन बसते. तिला गाठीचं आजच कळलं, पंगतीत. हातातली पुरी ठेवली.
"हिरू, ऑपरेशन तुला आवडीचं होतं काय रं?"
बाबांनी पाण्याचा पेला उचलला.
"गंगेला आवडीचं सोडत्यात. नको असलेलं टाकत्यात तो उकिरडा. जिताडा सोडायचा होतास. तो नाय सोडलास. भ्यालास, आनी गंगेचं नाव पुढं केलंस."
"अक्का, चार मानसांत..."
"चार मानसांतच बोललास ना तितं?"
दादा : "आत्या, पण शास्त्रात..."
"तू कापी पी."
टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग बाबांचा चेहरा बघितला. पान तसंच सोडून उठले, हात धुतानाही मान वर केली नाही. तेव्हा आत्याचाही राग आला. खरं बोलली, तरी आला.

३१ मे
बाबा कुणाशी बोलत नाहीत. पाया पडणाऱ्या बायांना आज परत पाठवलं. दादा म्हणतो, आत्याने त्यांची श्रद्धा मोडली. मी म्हटलं, मोडू दे, माणूस राहील. भांडण. वहिनीने दार लावून घेतलं.

१ जून
संध्याकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात. आत येईनात.
"भूल देताना घरचं कोन आत असतंय काय?"
नाही म्हटलं.
"मंग जागं कोन करतं?"
डॉक्टर.
"तो मना कुठं वलकतो?"
मला रडू यायला हवं होतं. संताप आला. हे एवढंच होतं? एवढ्यासाठी बर्फाच्या पाण्यात उभं राहून गंगेला मध्ये घातलंत? घरात सांगता येत नव्हतं? मी आहे ना, मेले होते का मी? सगळं बोलले, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ते चौकटीला धरून ऐकत राहिले.
मग म्हणाले, "तू अशीच वरड तितं दाराशी. मंग उठन मी."
आणि गेले. येणार की नाही, ते काही बोलले नाहीत.
उद्या ॲडमिटची तारीख, सकाळी सातला गाडी सांगितलीय. त्यांची बॅग पलंगावर उघडी आहे, आत फक्त टॉवेल. बाकीची त्यांची त्यांनी भरायची. मी हात लावणार नाही.