रुंद टायर आणि नीताचा पाय

फरीदाबाद, रविवार संध्याकाळ

वैताग आलाय नुसता. रुंद टायर बसवून आठवडा झाला नाही, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आत मडगार्डला घासतो. खर्रर्र! सोसायटीचा गार्डसुद्धा वाकून बघायला लागलाय. दुकानदार म्हणाला होता, "सर जी, गाडी सड़क से चिपक जाएगी." चिकटली खरी. पण वळायचं कसं?

आणि हे सगळं कुणासाठी? मागच्या पावसात गाडी घसरली, तेव्हापासून माझी बायको नीता शेजारी बसली की पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसताच पाय मॅटवर दाबते, जणू ब्रेक तिथेच आहे. म्हटलं, ग्रिप वाढली की नीताचा पाय सुटेल. कसला सुटतोय! आजही दाबलाच. मी चिडलो, "अगं, नवीन टायर आहेत यार!"

"टायर नवीन आहेत रे. चालवणारा तोच आहे ना?"

मग घासण्याचा आवाज नीट ऐकावा म्हणून गाडी तिला दिली आणि मी शेजारी बसलो. आवाज राहिला बाजूला. मार्केटच्या सिग्नलचे लाल दिवे दिसले आणि माझाच पाय मॅटवर रुतला. नीताने एकदा खाली पाहिलं. आणि गाडी हळू केली.