मुदतीआधीची विक्री

प्रिय एमिल,

चेरी यंदा उशिरा फुलली. तू असतास तर फाटकाशी गाडी थांबवून नुसता बघत बसला असतास आणि मी आतून ओरडले असते, "कॉफी गार होतेय!" हल्ली एकटीपुरती करायला जाते, सवयीने जास्त होते, तीच संध्याकाळी गरम करून पिते.

बातमी अशी, की बाग विकली. म्हणजे बाग आमची आणि लेमके कुटुंबाची भागीदारीत, आणि त्यातला आमचा अर्धा हिस्सा बाबांच्या कंपनीच्या नावावर. तो कंपनीने गस लेमकेला विकला. सही झाल्यावर म्हाताऱ्याने टोपी काढली. म्हणाला, "पोरी, तुझ्या बापाशी जन्मभर भांडलो. आता कोणाशी भांडू?" मला आधी हसू आलं, मग रडू.

तू मुलीकडे, कोरीनकडे, ओरेगनला निघालास तेव्हा म्हणालास, "चल माझ्याबरोबर." मी म्हटलं, "पाच वर्षं थांब." तुला तो बहाणा वाटला असेल. तू विचारलं नाहीस, म्हणून आज सांगते. बाबा गेल्यावर आम्ही कंपनीची करपद्धत बदलून घेतली. नफ्यावरचा कर मग कंपनीने नाही, फक्त आम्ही बहीणभावांनी भरायचा. पण आमचे हिशेबनीस हालवरसन म्हणाले, "बदलाच्या दिवसापर्यंत हिश्श्याची जेवढी किंमत वाढली, तो जुना नफा. पाच वर्षांच्या आत विकलात तर त्यावर कंपनीलाही कर बसेल, तुमचा वेगळाच. पाच वर्षं गेली की सुटलात." आमचा तर जवळजवळ सगळा नफा जुनाच. बाबांनी जमीन घेतली तेव्हा तिथे नुसते दगड होते.

म्हणून थांबले. हिवाळे मात्र फार लांबले रे. गोठलेल्या खाडीवरचं तुझं मासेमारीचं खोपटं आता दुसऱ्याच कोणाचं आहे. त्यात आपण मासे कमी पकडले, पत्ते जास्त खेळलो. तू लबाडी करायचास, मला दिसायचं, तरी मी हरत राहायचे. जिंकल्यावर तू जे हसायचास ते मला हवं असायचं. बर्फावरून चालताना अजून वाटतं, मागून तू हाक मारशील.

मार्चमध्ये मी वेंडेलला म्हटलं, आत्ताच विकूया. तो उसळलाच. "ताई, डोकं ठिकाणावर आहे का? तीन वर्षं काढलीस, दोन काढवत नाहीत? बाबांनी दगड उचलले ते सरकारची भर करायला?" मी म्हटलं, तुझ्या वाट्याला बसेल तेवढा फटका मी माझ्यातून भरून देते. तो मग हळूच म्हणाला, "एमिल?" मी भांडी घासत राहिले. त्याने फडकं घेतलं आणि शेजारी उभा राहून पुसू लागला, जन्मात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सही केली. भरपाई मात्र घेत नाही म्हणतो. "बहिणीकडून वसुली करू? लोक हसतील." हट्टी! थेट बाबांवर गेलाय.

घाईचं कारण त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुला सांगते. तुझ्या नकळत कोरीनने फोन केला होता. तुझ्या नजरेचा मधला भाग विझत चाललाय म्हणाली. पुढे पुढे माणसाचे केस दिसतील, खांदे दिसतील, चेहरा दिसणार नाही. आणि तू फोनवर मला पावसापाण्याचं सांगत राहिलास, डोळ्यांबद्दल अवाक्षर नाही! तिच्यावर रागावू नकोस, बापाच्या काळजीने बोलली पोर. हे पत्रही तीच वाचून दाखवत असेल. कर भरला, एमिल. दोन वर्षांनी पूर्ण पैसे घेऊन आले असते, तर तुझ्यासमोर नुसता एक आवाज येऊन उभा राहिला असता. मला तुला दिसायचंय, सुरकुत्यांसकट. गुरुवारी पोचते. न्यायला येऊ नकोस. घरीच उजेडात बस. मी अगदी जवळ येईन.

तुझीच,
आर्लीन