डब्यात उरलेली चिठ्ठी

इंदूर,
२ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अण्णांस,
सुरभीचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. शमिकाची सहामाही चांगली गेली, गणित सोडून. थंडी पडू लागली आहे आणि तुमची कानटोपी इथेच खुंटीवर राहिली. लेकीने, म्हणजे अनुश्रीताईंनी, नागपूरला नवी घेतली असेल तर हिला राखीव खेळाडू म्हणून पाठवते.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून ताई स्पीकर लावतात, आणि मग माझी गाडी "जेवलात का, गोळी घेतली का" याच्या पुढे जात नाही. शिवाय मराठीत पत्र लिहायला मला तुम्हीच शिकवलंत. हातोदहून लग्न होऊन आले तेव्हा मला मराठी थोडंफार समजायचं, लिहिण्याच्या नावाने आनंद. तुम्ही रोज जेवणानंतर पेपरातलं खेळाचं पान मोठ्याने वाचायला लावायचात आणि उच्चार चुकला की तोंडाने शिट्टी मारायचात. मिलच्या फुटबॉल सामन्यांची रेफ्रीगिरी सुटली, पण शिट्टी काही सुटली नव्हती.

सुपर कपची खबर तुम्हाला आहेच. तुमचं गोवा उपांत्य फेरीत गेलं, अभिनंदन. शमिकाचं केरळ गेलं, ती रडून मोकळी झाली. माझ्या मोहन बागानची वाट ईस्ट बंगालने अडवली, म्हणजे नियमाप्रमाणे मी आता ईस्ट बंगालच्या बाजूची. ईस्ट बंगालची चिठ्ठी कुणाकडे आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर नंतर येते.

शमिकाला शाळेत 'आमच्या घरची एक प्रथा' असा निबंध होता. बाकीच्या मुलांनी रंगपंचमीची गेर, रंगांची मिरवणूक, लिहिली, हिने डबा लिहिला. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. कुठे चुकले असेन तर शिट्टी मारा.

मी सांगितलं, की सत्त्याहत्तर साली फेडरेशन कप, म्हणजे आताच्या सुपर कपचा पूर्वज, सुरू झाला आणि पहिल्याच फायनलमध्ये बंगळुरूच्या आयटीआयने, म्हणजे टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्याच्या टीमने, मोहन बागानला हरवलं. कारखान्याची पोरं जिंकली म्हणून मिलमध्ये आजोबांच्या, म्हणजे तुमच्या, खात्यात पेढे वाटले गेले. पुढच्या वर्षी आजोबांनी आपला मिलचा जेवणाचा डबा धुऊन पुसून घेतला, त्यात टीमच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक काढायला लावली. त्याच वर्षी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, दोघांना मिळून कप दिला गेला. "बाद फेरीच्या स्पर्धेत दोघं जिंकतात कसे?" यावर आजोबा अजूनही तासभर बोलू शकतात. हे वाक्य शमिकाचं आहे, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं.

मग नियम सांगितले. निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाही, कितीही रडकी टीम येवो. आणि ज्याची टीम बाद झाली त्याने रुसून आत जायचं नाही. जिने आपल्याला बाहेर काढलं, त्या टीमवाल्याच्या शेजारी येऊन बसायचं. बाईंनी निबंधावर 'छान' लिहिलं आणि खाली विचारलं, हे खरं आहे का?

अण्णा, हे किती खरं आहे ते मला विचारा. माझा पहिला डबा आठवतो? लग्नाला महिनाच झाला होता. सासूबाई माझ्याशी बोलायच्या त्या फक्त कामापुरत्या. मालवी मुलगी, तीही शंतनूने स्वतः पसंत केलेली, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मी हात घातला आणि चर्चिल ब्रदर्स निघाली. लीगमध्ये अगदी तळाला गेलेली टीम. शंतनू पोट धरून हसला. मी म्हटलं, "अण्णाजी, ये वापस रख दूँ? दुसरी काढते ना." तुम्ही म्हणालात, "नाही. आली ती आपली." आणि कोचीत फायनल झाली तेव्हा एकेक करून सगळे बाद होऊन माझ्याकडे आले होते. सासूबाईसुद्धा. त्या माझ्या शेजारी बसल्या, आणि तिसरा गोल झाल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अगं पोरी, जिंकलो की आपण!" त्या दिवशी मी या घरात आले, असं मी मानते. वरात महिन्याआधी आली होती ती वेगळी.

तुमचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, आज लिहिते. सासूबाई तर आधीच गेल्या होत्या; एकवीसच्या एप्रिलमध्ये शंतनू कोरोनाने गेला, तेव्हा जो तो मला हातोदला माहेरी पाठवायचं बोलत होता. तुम्ही एकट्याने सांगितलंत, "ती कुठेही जाणार नाही. तिचं घर हे आहे." मला पुन्हा ऑफिसला जायला लावलंत. शमिकाला शाळेत सोडायचं, आणायचं, तिच्या वेण्या घालायच्या, सगळं शिकलात. वेण्या वाकड्याच यायच्या. शाळेत मुली हसायच्या, पण शमिका त्या सोडू द्यायची नाही.

आणि दोन वर्षं कप झालाच नाही, मग तेवीस साली झाला, तेव्हा तुम्हीच फळीवरून डबा काढलात. एक चिठ्ठी जास्त टाकलीत. म्हणालात, "सगळ्यांनी काढल्यावर शेवटी उरेल ती शंतनूची." ती ओडिशा निघाली आणि ओडिशाने कप जिंकला. आपण तिघं टीव्हीसमोर एकदमच रडलो आणि एकदमच हसलो. तेव्हापासून त्याची चिठ्ठी वर्षभर डब्यातच राहते. साफसफाई करताना मी कधी कधी डबा हलवून बघते. आत काहीतरी वाजलं की बरं वाटतं.

आता भाऊबीजेचं.

आमच्या ऑफिसचे नीरजजी फराळाला आले होते, आणि शमिकाने डबा तेव्हाच काढला, कारण कप दोन दिवसांवर आला होता. सगळ्यांनी चिठ्ठ्या काढल्या. नीरजजींनी डब्यात डोकावून पाहिलं आणि खुशीत म्हणाले, "अरे, एक तो बची है! पाहुण्यांची पण असते काय तुमच्याकडे? क्या बात है!" आणि कुणी काही बोलायच्या आत हात घालून काढली. "ईस्ट बंगाल!" मी पाहिलं, तुमचा चिवड्याचा घास हातातच राहिला. ताई आत निघून गेल्या. तुम्ही एवढंच म्हणालात, "बसा, चकली घ्या."

त्यांना मी नंतर सांगितलं. ते गाडीवर बसले होते, ते उतरून परत फाटकाशी आले. म्हणाले, "मी अण्णाजींच्या पायाशी जाऊन ती परत ठेवू का?" मी म्हटलं, परत ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ताईंबरोबर नागपूरला गेलात. एरवी जानेवारीशिवाय जात नाही. फळी पुसायला गेले तर डबाही नव्हता. अण्णा, तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. फोनवर तुम्ही गोळी घेतली म्हणता आणि मी बरं म्हणते. आपण दोघं इतकं कमी कधीच बोललो नव्हतो.

नीरज नुसता ऑफिसचा माणूस नाही, हे तुमच्या लक्षात आलं असणार. त्याने नवरात्रात मला विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्याला म्हटलं, आधी अण्णा. तो म्हणाला, "बिलकुल, पहले अण्णाजी." माणूस चांगला आहे. शंतनूचं नाव निघालं की विषय बदलत नाही, उलट विचारतो, अजून सांग. शमिकाला गणित शिकवायला बसतो आणि दोघं मिळून उत्तर चुकवतात. मला तो आवडतो. लिहिलंय ते खोडत नाही.

पण अण्णा, शंतनूच्या जागी मी कुणाला बसवत नाहीये. आणि या लग्नाने मी या घरातून बाद होणार असेन, तर मला हे लग्न नको. नवरा एकदा गमावला आहे. वडील गमावायची ताकद माझ्यात नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी नीरजला नाही म्हणेन आणि तुमच्यावर अजिबात रागावणार नाही. जे मिळालंय तेच माझ्यासाठी पुष्कळ आहे. फक्त डबा परत आणा आणि त्याच्यासोबत तुम्ही या.

कप चालू असताना पत्राखाली टीमचं नाव लिहायची आपली रीत आहे. नाइलाजाने लिहिते.

तुमची,
सुरभी
(मोहन बागान, सध्या ईस्ट बंगाल)


नागपूर,
९ डिसेंबर २०२५

चि. सुरभीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. उत्तर मुद्दाम फायनल होईपर्यंत थांबवलं. सामना चालू असताना रेफ्रीने निकाल सांगू नये.

आधी चुका. भाऊबीजेच्या पानावर 'नीरजजी' आहे आणि शेवटच्या पानावर 'नीरज'. मी म्हातारा झालोय, आंधळा नाही. नवरात्रापासून तू स्वयंपाक करताना गुणगुणायला लागलीस. चार वर्षं ते ऐकलं नव्हतं. अनुश्रीलाही मी भाऊबीजेच्या आधीच बोललो होतो. ती आत गेली ती डोळे पुसायला, रागाने नव्हे. तिने तुझ्यासाठी साडी घेऊन ठेवली आहे. हे सांगू नका म्हणाली होती, सांगितलं.

मी का निघून आलो ते ऐक. त्या पोराने चिठ्ठी उघडली आणि "ईस्ट बंगाल!" म्हणून ओरडला, तेव्हा तो अगदी शंतनूसारखा खूश झाला. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला त्याच्याकडे बघतच राहावंसं वाटलं, आणि त्याची मला लाज वाटली, की माझा मुलगा जाऊन किती दिवस झाले आणि मी दुसऱ्याच्या पोराकडे असा बघतोय. हे तुला समजावून सांगता आलं नसतं. आणि मी तिथे राहिलो असतो तर तू रोज माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस, अण्णांना काय वाटेल. खेळ चालू असताना मध्ये मध्ये येणारा रेफ्री वाईट.

डबा आणला, कारण शंतनूची चिठ्ठी ठेवू लागल्यापासून तो पहिल्यांदाच पुरता रिकामा झाला होता. तो तसा फळीवर ठेवून यायला मन होईना. इथे रोज उशाशी ठेवतो. त्यात गोळ्या ठेवल्या आहेत, म्हणजे वाजतो तरी.

तू या घरातून बाद व्हायचा प्रश्न कुठून काढलास? हे तुला बारा वर्षांत मी शिकवलेलं नाही. आपल्याकडे बाद झालेला माणूस कुठे जातो, ते शमिकाच्या निबंधात आहे, पुन्हा वाच. तू होतीस म्हणून मी शंतनूनंतर जेवलो, उठलो, बाजारात गेलो. उपकार कुणाचे कुणावर ते एकदा समोर बसून ठरवू, आणि तिथे तू हरशील.

आता फायनल. गोवा जिंकलं, पण पेनल्टीपर्यंत जाऊन. ईस्ट बंगालने घाम काढला माझा. नीरजला सांग, त्याने चिठ्ठी परत ठेवायची नाही. आली ती आपली. आणि त्याच्या टीमला माझ्या टीमने हरवलं आहे, तेव्हा नियमाप्रमाणे त्याने आता माझ्या शेजारी येऊन बसायचं. तू ईस्ट बंगालच्या मागे होतीस, म्हणजे तूही आलीस. मी एकवीस तारखेच्या गाडीने येतोय. स्टेशनवर त्यालाच पाठव. कानटोपी पार्सल करू नकोस, त्याच्याबरोबर दे.

पुढच्या वर्षी डब्यात एक चिठ्ठी जास्त टाकू, नीरजची. शेवटी उरेल ती शंतनूचीच राहील. ती इतकी वर्षं तू सांभाळलीस. आता तू फक्त तुझी सांभाळ, पोरी. शंतनूची माझ्याकडे दे.

तुझा,
अण्णा
(गोवा. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत.)