गोणी परत आली

कासारवाडी,
४ जून २०२४

ती. दादामामांस,
रुपालीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि मामींच्या जवसाच्या चटणीचा डबा समाधानने सकाळी कंपनीच्या बसमध्येच माझ्या हाती दिला. चटणी जेवणाच्या सुट्टीतच अर्धी संपली. डबा परत पाठवतेय, तो भरून यावा म्हणून, हे मामींना सांगा. तुम्हाला ऐकू येईनासं झाल्यापासून फोन बंद, आणि मेसेज तुम्ही वाचत नाही, म्हणून तुमच्या शेजारच्या समाधानच्या हाती कागद द्यायचा, ही तुमची अट ऐकून मला सुरुवातीला हसू आलं होतं. आता कागद घेऊन बसले की माझंच मन निवतं. फोनवर बोलताना मी भाजीही चिरत असते. लिहिताना फक्त तुमच्याशी बोलत असते.

तुम्ही लिहिलंय की मागच्या खोलीतले जुन्या गाड्यांचे सगळे पार्ट भंगारवाल्याला देऊन मोकळे होणार. मामा, असं करू नका. कारखान्यातल्या प्रेसशॉपची नोकरी सांभाळून एकेक वस्तू तुम्ही जमवली. बाबांची फियाट त्यातूनच चालत राहिली. बाबा गेल्यानंतरही ती आमच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि मनात आलं की सुरू होते, ती तुमच्यामुळेच.

आणि एक बातमी आहे. परवा मी चिखलीला रंगरावकाकांच्या रानात गेले होते, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरणाऱ्या जुन्या पार्टच्या अदलाबदलीला. तुम्ही दोन वर्षं गेला नाहीत, तुम्हाला खरं वाटणार नाही. गाड्या लावायला जागा नव्हती. लहानपणी तुम्ही आणि बाबा मला मागच्या सीटवर घालून न्यायचात, तेव्हा असायची तशी गर्दी. मधल्या काळात सगळेच मोबाईलवर पार्ट मागवायला लागले, आणि रंगरावकाका, तुम्ही आणि चहाची किटली एवढंच उरलं होतं, हे मला आठवतंय. आता तेच लोक परत येतायत, कारण फोटोत एक दिसतं आणि खोक्यात दुसरंच निघतं. ताथवड्याच्या कॉलेजातली मुलं-मुली येतात, आजोबांची ॲम्बेसेडर दुरुस्त करायला घेतलेली. रंगरावकाका मला म्हणाले की पोरी, आता ह्यास्नी सांगून सांगून माझा घसा बसतुया, तुझ्या मामाला म्हणावं, लई झाली इश्रांती.

तुम्ही या ना. आणि यायचं नसेल तर एक करा, भंगारात देऊ नका. एकेक गोणी समाधानबरोबर माझ्याकडे पाठवा, मी अदलाबदलीला नेईन.

लोभ आहेच, तो राहू द्यावा.
तुमची,
रुपाली

---

तळेगाव दाभाडे,
८ जून २०२४

चि. रुपाली हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या बापाची फियाट सुरू होते हे वाचून बरं वाटलं. दाजींसारखा गाडीवर जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी इंजिन चालव, नुसती पुसत बसू नकोस.

चिखलीला मी येणार नाही. गुडघे साथ देत नाहीत. आणि तिथं जाऊन मी करू काय? ते सगळं बोलण्याचं काम असतं. ही खोली दिवाळीपर्यंत रिकामी व्हायला हवी, तुझ्या मामीला तिथं शिवणाचं मशीन ठेवायचंय. तुझा हट्टच असेल तर पहिली गोणी पाठवतो. रंगरावला माझा नमस्कार सांग आणि घशाला हळद घे म्हणावं.

आमचे नियम तुला ठाऊक असावेत. एक, पैसे मधे आणायचे नाहीत, वस्तूला वस्तू. दोन, बसवून बघितल्याशिवाय, गाडी चालू करून बघितल्याशिवाय सौदा पक्का नाही. वायपरच्या दोन मोटारी आहेत, चालू आहेत. डायनॅमोचं वाइंडिंग माझ्या हातचं भरलेलं आहे. बाकी तू आणि तुझं नशीब.

आमच्यावरची माया अशीच असू दे.
तुझा मामा,
दादासाहेब

---

कासारवाडी,
९ जुलै २०२४

ती. दादामामांस,
रुपालीचा सा. न. वि. वि.

परवाचा रविवार छान गेला. पाऊस होता, रानात चिखल होता, काकांनी ताडपत्र्या बांधल्या होत्या. तुमची गोणी मी पहिल्या तासातच संपवली! लोक नुसते तुटून पडले. दादासाहेबांची गोणी आहे म्हटल्यावर काहींनी तर बसवूनही बघितलं नाही.

आता काय काय मिळालं ते बघा, समाधानबरोबर पाठवतेच आहे. वायपरच्या दोन मोटारी देऊन मी डिस्ट्रिब्युटरची एक कॅप घेतली, लाल रंगाची, अगदी नव्यासारखी. डायनॅमोच्या बदल्यात दाराची तीन हँडलं. चौथंही तो माणूस शोधणार आहे. आणि उरलेल्या सगळ्यावर एक मोठा आरसा. समाधानला बसमध्ये गोणी चढवताना ड्रायव्हरने विचारलं की भावा, रोज कंपनीतून काय काय उचलून नेतोस? तो बिचारा चिंचवड येईपर्यंत सगळ्यांना खुलासा करत होता.

तुमचं गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.
कृपा असावी ही विनंती.
रुपाली

---

तळेगाव दाभाडे,
१२ जुलै २०२४

चि. रुपाली हिस,
आशीर्वाद.

गोणी उघडली आणि डोक्याला हात लावून बसलो. अगं, त्या लाल कॅपला आतून केसाएवढी चीर आहे. उन्हात धरून बघितली असतीस तर दिसली असती. त्या कॅपवर गाडी दमट हवेत कधीच सुरू व्हायची नाही. माझ्या दोन चालू मोटारी देऊन तू ही घेतलीस! हँडलं तीन आणली ती तिन्ही डाव्या दाराची. एका गाडीला डावी दारं दोनच असतात, हे तुझ्या बापानं तुला शिकवलं नाही काय? आरसा बरा आहे, दाढीला उपयोगी पडेल.

आणि दुसरं. खोली रिकामी करायची म्हणून मी गोणी पाठवली, ती भरूनच परत आली. तिच्यात आता कचरा आहे एवढाच फरक. अशानं दिवाळीच काय, माझी शंभरीसुद्धा उलटेल.

पुढच्या अदलाबदलीला जाऊन हे सौदे मोड. मोटारी आणि डायनॅमो परत आण. रंगरावला सांग, दादासाहेबानं सांगितलंय.

तुझ्यावर राग नाही, पण थोडा आहे.
तुझा मामा,
दादासाहेब

---

तळेगाव दाभाडे,
१३ जुलै २०२४

चि. रुपालीस,
इंद्रायणीमामीकडून पोटभर आशीर्वाद.

हे पत्र मी चटणीच्या डब्याखाली घालून देतेय. समाधानला सांगितलंय की तुझ्याच हातात द्यायचं. मामांना सांगू नकोस.

मला शिवणाचं मशीन कुठंही ठेवायचं नाही. ते पंधरा वर्षांपूर्वीच माझ्या भावजयीला दिलं. आणि मामांचे गुडघे ठणठणीत आहेत, परवाच शिडी लावून गच्चीवरच्या टाकीचा नळ बदलून आले. ते न येण्याचं कारण वेगळं आहे गं. दोन वर्षांपूर्वी चिखलीला कुणीतरी त्यांना काही विचारत होतं. यांना कळेना. त्या माणसानं पुन्हा विचारलं, मग आणखी मोठ्यानं, आणि शेवटी हात झटकून रंगरावभावजींकडे वळला. यांना शब्द ऐकू आला नाही, पण तोंड दिसलं ना. घरी आले आणि म्हणाले, इंद्रायणी, आता मी तिथल्या खुर्चीसारखा. त्यानंतर देवळात जाणं बंद झालं, कट्ट्यावर बसणं बंद झालं. कानाचं यंत्र घातलं की नुसता गोंगाट होतो म्हणतात. सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळपर्यंत वाचत बसतात. खोली रिकामी करायची हेही त्यातलंच. मला भीती वाटते रुपाली, की खोली रिकामी झाली की माणूसच रिकामा होईल.

पण काल तुझी गोणी आली आणि यांनी दुपारची झोप सोडली. ती लाल कॅप घेऊन चारदा अंगणात गेले, मला चीर दाखवली, समाधानच्या बायकोला, म्हणजे दिपालीला, बोलावून तिला दाखवली. तुला इतकं बोलले, इतकं बोलले की जेवताना त्यांचा चेहरा लाल होता. दोन वर्षांत मी त्यांना असं रागावलेलं पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं.

तेव्हा बाळे, तू भोळेपणानं करत असशील तर तशीच कर. आणि जमलं तर पुढच्या वेळी याहून वाईट काहीतरी आण.

मामीला विसरू नये.
तुझी मामी,
इंद्रायणी

---

कासारवाडी,
६ ऑगस्ट २०२४

ती. दादामामांस,
रुपालीचा सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी सौदे मोडायला गेले, पण रंगरावकाकांनी ऐकलं नाही. ते म्हणाले की सौदा मोडायला कधीबी या, आमची ना न्हाई, पर ज्याची वस्तू त्यानंच यायचं, भाची-पुतण्या चालत न्हाई. मी म्हटलं की असा कसा नियम? तर सगळ्यांसमोर म्हणाले की हा नियम तुझ्या मामानंच घातलाय, दलाल घुसू नयेत म्हणून, आनि आता त्यो मोडायचा असंल तर तेबी त्यानंच यावं.

बाकी तुम्ही नंतर पाठवलेली दुसरी गोणी छान खपली. जीपच्या हॉर्नची जोडी देऊन मी मागच्या दिव्याची एक काच आणली. जास्वंदीच्या फुलासारखी लाल आहे, खिडकीत ठेवली तर शोभेल. वेगवेगळ्या स्प्रिंगांचा एक डबाही मिळालाय. कशाच्या आहेत ते देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणजे दुर्मिळ असणार.

गोणीच्या तळाशी बिस्किटाच्या डब्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेला फियाटचा कार्ब्युरेटर निघाला. जुना दिसतो. तो मात्र या वेळी राहिला. एक गृहस्थ त्याच्या बदल्यात स्टिअरिंगला लावायचा गोंडा देतो म्हणालेत, मोरपंखी रंगाचा. एक सप्टेंबरला पक्कं करते.

तुमच्या आशीर्वादाचा हात पाठीवर असू द्यावा.
रुपाली

---

तळेगाव दाभाडे,
१० ऑगस्ट २०२४

रुपाली,

आशीर्वाद नंतर. तो कार्ब्युरेटर कुणालाही द्यायचा नाही. गोंडा तर नाहीच. तो डबा चुकून गोणीत गेला. तुझ्या बापाच्या गाडीचा कार्ब्युरेटर उद्या बिघडला तर हाच लागणार आहे, म्हणून मी तो एवढी वर्षं सांभाळला.

मी एक तारखेला येतो. फक्त त्या एका दिवसापुरता, सौदे मोडायला. रंगरावला सांग, हार-बीर, शाल-बील काही नको. मला बोलायला माणसं आणून उभी करू नकोस. तू शेजारी बस आणि कुणी काही विचारलं तर कागदावर लिहून दाखव. गोणी घेऊन निघालो की जेवायला थांबणार नाही.

तुझी मामीही येते म्हणते. का, ते सांगत नाही.

दादासाहेब

---

तळेगाव दाभाडे,
३ सप्टेंबर २०२४

चि. रुपाली हिस,
मामा-मामींचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू दमलेली दिसत होतीस. झोप काढलीस ना? मी घरी आलो तो थेट आजच उठलो असं म्हणायला हरकत नाही. इंद्रायणी म्हणते की मी झोपेत हात हलवत होतो.

तू कागद आणि पेन घेऊन माझ्या शेजारी बसली होतीस आणि तासाभरानंतर मी तुला उठवलं, त्याचं तुला वाईट वाटलं असेल. पण मला गरज उरली नव्हती. झालं असं की तुमच्या त्या मुलांनी बसवून बघण्यासाठी एकाच वेळी पाच-सहा गाड्या चालू केल्या. मला तो आवाज पोटात जाणवत होता. मी बघितलं तर सगळे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतायत, कपाळाला आठ्या, आणि कुणालाच काही कळत नाही. मला हसायला आलं. इतक्यात पलीकडच्या टोकाला रंगरावनं डोक्यावर तळहात ठेवला. आम्ही दोघं ज्या प्रेसशॉपमध्ये कामाला होतो, तिथं ती खूण होती, साहेब येतोय, सावध राहा. तिथं मशीनच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही पोरांनी आमच्या खुणा केल्या होत्या. मागं वळून बघतो तर तुझी मामी येत होती. त्या रंगरावला साठीनंतरही अक्कल नाही.

मग आम्ही दोघं त्या टोकाकडून या टोकाकडे बोललो. तेल कमी आहे, उजवीकडे घे, हा थापा मारतोय, चहा सांग. हँडलवाल्याचा सौदा असाच मोडला, डायनॅमो परत मिळाला. तुझ्या मामीला या खुणा घरात राहून पाठ आहेत हे मी विसरलो होतो. हॉर्नवाला मला काहीतरी पटवत होता आणि त्याच्या पाठीमागून ती कानाची पाळी ओढून दाखवत होती, खोटं, खोटं. त्याच्याकडूनही जोडी घेतली. हॉर्नची जोडी देऊन एक काच आणण्याइतकं वेडं कुणी नसतं, माझ्या बहिणीची लेक असली तरी. मला काय समजायचं ते समजलं. मामीला सांगू नकोस, तिला आनंद होतोय तो होऊ दे.

वायपरच्या मोटारी मात्र आणल्या नाहीत. ते तुला सांगायचं राहिलं.

त्या अपेक्षा नावाच्या मुलीकडे होत्या, ताथवड्याची. मी गाडीजवळ गेलो तेव्हा भुरभूर पाऊस होता आणि तिच्या आजोबांच्या ॲम्बेसेडरच्या काचेवर माझ्या मोटारी चालत होत्या. वायपरचे दोन्ही हात एका लयीत. मी मागायला गेलो होतो, तो बघतच राहिलो. ती इंजिनात वाकलेली, मी वाकून बघतोय, आणि ती माझ्या पाठीमागून काहीतरी विचारत असणार. मला काय कळणार? मग ती हात पुसत गाडीला वळसा घालून आली आणि माझ्या समोर उभी राहिली. ओरडली नाही गं. पेट्रोलचा पंप पुढं धरला, त्याच्या आतल्या फाटलेल्या रबरी पडद्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत थांबली. तिला काय म्हणायचंय ते मला सगळं कळलं. मी काय म्हटलं तेही तिला कळलं असावं, कारण ती हसली.

दोन वर्षं माझ्याशी बोलताना सगळ्यांनी आवाज वाढवला. डॉक्टरांनी, जावयानं, देवळातल्या पुजाऱ्यानं. तूसुद्धा वाढवलास, प्रेमानंच. समोर येऊन थांबायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही सांगायचं सुचलं नाही, कारण आपण होऊन कुणाला थांबा म्हणायची लाज वाटते.

तसा पंपाचा पडदा माझ्याकडे नाही. पण तळेगावात एकाकडे असेल, उद्या सकाळी जाऊन बघतो. तिला सहा ऑक्टोबरला देतो म्हणून खूण केलीय आणि तिनंही मान हलवलीय, तेव्हा आता मला जावं लागेल. समाधानला रविवारी सुट्टी असली तर आम्हाला सोडायला सांग, नाहीतर आम्ही लोकलनं कासारवाडीला येतो, तू आम्हाला दाजींच्या फियाटमधून ने. इंजिन गरम करून ठेव.

भेटीची ओढ आहे, तशीच राहो.
तुझा मामा,
दादासाहेब