पाण्यावरची शिकार

नाना,

परवा यावलला भाच्याकडे गेले होते. जेवणं झाल्यावर त्यानं मोबाइलवर आफ्रिकेतल्या एका माणसावरून चाललेलं भांडण दाखवलं. तो पाहुण्यांना सिंहाच्या शिकारीला नेतो आणि उन्हाळ्यात पाणवठ्याशी दबा धरून बसवतो. कोणी त्याला भेकड म्हणत होतं, तर कोणी म्हणत होतं की एका गोळीत जीव जातो, जनावराचे हाल तरी होत नाहीत. भाच्यानं विचारलं, "आत्या, आजोबापण असंच करायचे ना?" मी "हो" म्हटलं. पुढं काय सांगावं ते सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

शिकारीला परवाना मिळायचा तेव्हाची गोष्ट. जीपमधून पाहुणे यायचे आणि तुम्ही त्यांना सातपुड्यात न्यायचात. आधी तुम्ही हाका करायचात. पाड्यावरची माणसं डबे बडवत वाघाला मचाणाकडे हाकलायची. एकदा पाहुण्याचा नेम चुकला, जखमी वाघ माणसांवर उलटला आणि पाड्यावरच्या आबांचा धाकटा भाऊ गेला. त्याला तुम्ही खांद्यावरून खाली आणलंत. तुमचा सदरा आईनं धुतला नाही, चुलीत घातला. त्यानंतर तुम्ही हाका कायमचा सोडलात. उन्हाळ्यात वरचे झरे काट्यांनी बंद करायचात, एकच डोह मोकळा ठेवायचात आणि मचाण त्याच्या काठी बांधायचात. वाघाला तिथं यावंच लागायचं.

आबा आपल्याकडे आले तो दिवस मला अजून दिसतो. मी अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालतेय. तुम्ही बंदूक पुसताय. आबा बसत नाहीत, आईनं दिलेलं पाणीही घेत नाहीत.

"नाना, काटा काढी टाका," ते म्हणतात. "तहानेल जनावरले कोनी मारस का?"

तुम्ही मान वर न करता म्हणता, "आबा, तुमना भाऊले मी खांदावर आना. आते आखो कोनले आनू?"

आबा हळूच म्हणतात, "भाऊले मी भुलनू नही. पन पाणी बठ्ठास्नं शे."

तुम्ही दोघंही आवाज चढवत नाही. तसं झालं असतं तर मला एकाची बाजू घेणं सोपं गेलं असतं. आत भाकरी थापताना आईचा हात थांबलेला मला आवाजावरून कळतो. आबा निघून गेल्यावर ती दारात येऊन म्हणाली, "ते बरोबर बोलले. पाणी सगळ्यांचं आहे." तुम्ही म्हणालात, "मीपण बरोबर बोललो."

त्याच आठवड्यात इंदूरचे एक शेठ आले. मचाण बांधायला पाड्यावरून कोणी आलं नाही, तुम्ही एकट्यानं बांधलंत. वाघ पाण्याला तोंड लावत असतानाच शेठनं गोळी घातली आणि तो डोहातच पडला. कोणाला ओरखडाही आला नाही. घरी येऊन तुम्ही आईला एवढंच म्हणालात, "एक गोळी. माणूस नाही गेला." पाड्यावरच्या बायांनी मात्र त्या उन्हाळ्यात डोहाचं पाणी भरलं नाही. आबांनी आणि इतरांनी झऱ्यांवरचे काटे स्वतः उपसले. तुम्ही परत लावले, त्यांनी परत उपसले. पुढच्या वर्षी तुम्हाला वाट दाखवायला, सामान वाहायला एकही माणूस मिळाला नाही. पाहुणे येऊन रिकामे परतले, मग यायचेच थांबले. तुम्ही रावेरला केळीच्या गाड्या भरून घेण्याच्या कामाला लागलात. शिकारबंदीमुळे धंदा बसला असं तुम्ही शेवटपर्यंत सांगत राहिलात. कायदा त्यानंतर आला, नाना. तुम्हाला आबांनी थांबवलं.

तुम्ही गेलात तेव्हा आबा आले होते. तिरडीला खांदा देऊन नदीपर्यंत चालले आणि परत गेले. भाच्याला मी हे सगळं सांगितलं तर तो विचारेल, मग चूक कोणाची? तुमच्या त्या पद्धतीनं किती बायांचं कुंकू राखलं असेल, हेही मला दिसतं. तरी आबा म्हणाले तेही मला आजही खरंच वाटतं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही रावेरहून पहिल्यांदा घरी आलात, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग होते, जेवताना कोणाकडे बघत नव्हतात. मला तुमची दया आली. आणि तुम्ही हरलात याचं बरंही वाटलं.