गडावर भार नको

१० जानेवारी १९७१, रविवार
शेजारचे आप्पासाहेब राजूरपलीकडचा गड पाहून आले. फोटो दाखवला. कातळावर चुन्याने हातभर अक्षरांत स्वतःचं नाव, शेजारी स्वतः. नगरातली आमची सगळी सावेडी फोटो पाहून गेली. मला मात्र संताप आला. अशा लोकांमुळेच गड खराब होतात.
निश्चय: आपण याच गडावर जायचं आणि आदर्श प्रवासी कसा असतो ते दाखवायचं. गावावर भार टाकायचा नाही. काही तोडायचं नाही, सोडायचं नाही.
सौ. सुमन म्हणाली, मी पण येते. तिला प्रिन्सिपल समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. पटलं असावं.

१७ जानेवारी
तयारी. कचरा गोळा करायला दोन पोती. शिवाय लाल ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश. नावं लिहिणाऱ्यांसाठी गडावर नोटीस लिहायची. सुमन म्हणाली, म्हणजे तुम्हीही कातळावरच लिहिणार ना? नाव लिहिणं वेगळं आणि नोटीस लिहिणं वेगळं, हा फरक बायकांच्या लक्षात येत नाही.

२३ जानेवारी, शनिवार. मुक्काम गडाखालची वाडी
एस.टी.ने राजूर, पुढे पायी. आप्पासाहेबांच्या ओळखीचे पुंजाराम, त्यांच्या घरी उतरलो. त्यांच्या बायको कडूबाईंनी गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. मी नम्रपणे नकार दिला. गावावर भार नको. कडूबाईंनी सुमनला हळूच विचारलं, ह्यांना काय आजार हाय का? सुमनने दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी अर्धी घेतली, कडूबाईंबरोबर भात कांडायला बसली आणि त्यांच्याकडून घरासाठी पायलीभर तांदूळही विकत घेतला. ट्रिपला येऊन बाजार करत बसली.
मी आपले नगरहून आणलेले धपाटे खाल्ले. जरा वातड झाले आहेत. पिठल्याचा वास चांगला होता, एवढीच नोंद.

२४ जानेवारी, रविवार
सकाळी एकटाच निघालो. सुमन कडूबाईंबरोबर नदीवर गेली. पुंजाराम म्हणाले, संगट येतो. नको म्हटलं. त्यांचा दिवस कशाला मोडायचा?
वाटेतच अस्वच्छता सुरू झाली. झुडपाझुडपाला चिंध्या बांधलेल्या. काय ही मनोवृत्ती! एकूण एक चिंधी सोडून पोत्यात भरली. वाट कशी मोकळी दिसू लागली.
माथ्यावर पाण्याचं कोरीव टाकं. त्यावरच्या कातळावर आप्पासाहेबांचं नाव. त्याच्या वरच्या बाजूला, अर्थातच मोठ्या अक्षरांत, नोटीस लिहायला घेतली: 'येथे कोणीही नाव लिहू नये.' खाली माझं नाव आधी लिहून घेतलं. नोटीस कोणाची हे कळलं नाही तर तिला वजन येत नाही. मग वरून सुरुवात केली. 'लिहू'पर्यंत अक्षर उत्तम आलं. तेवढ्यात माकडांनी धपाट्यांची पिशवी पळवली. मी वळलो, कोपर लागलं आणि पेंटचा डबा टाक्यात गेला.
'नये' राहिलं. आशय स्पष्ट आहे.
उतरताना वाट सापडेना. सगळी झुडपं सारखीच दिसत होती. उन्हं उतरली तेव्हा हाका ऐकू आल्या. पुंजाराम आणि वाडीतले चौघे. पुंजारामांनी पोत्यात डोकावून पाहिलं. म्हणाले, खुणंच्या चिंध्या हायेत ह्या. वाट चुकू नये म्हनून आमीच बांधल्या हुत्या. तुमी कशाला सोडल्या?
मी त्यांना पत्र्याचे बाण लावायचा सल्ला दिला. ते पोतं उचलून चालू लागले. बहुधा विचार करत असावेत.
घरी पोचल्यावर चार भाकऱ्या खाल्ल्या. कडूबाईंना वाईट वाटू नये म्हणून.

२५ जानेवारी, सोमवार
सकाळी पेंटचं सांगितलं. पुंजाराम एकदम उठून उभे राहिले. टाक्याचं पाणी गुराखी पितात, उन्हाळ्यात गुरंही तिथंच येतात म्हणे. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं.
सारी वाडी हंडे, बादल्या घेऊन वर गेली. एकाचं शेतावरचं काम राहिलं, एकाचा राजूरचा फेरा राहिला. दिवसभर लाल पाणी उपसलं. मीही उपसलं. पाचव्या बादलीला कंबरेत उसण भरली. दोघांनी मला झोळीत घालून खाली आणलं. झोळीत पडल्या पडल्या त्यांना सामुदायिक श्रमदानाचं महत्त्व सांगितलं. पुढचा म्हणाला, सायेब, बोलू नगा, झोळी हालती.
टाकं कोरडं पडलं आहे. झरा जिवंत हाय, भरंल हळूहळू, असं पुंजाराम म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.

२६ जानेवारी
परत. निघताना कडूबाई सुमनला बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या. दोघींचे डोळे ओले. काय म्हणाल्या विचारलं, तर सुमन म्हणाली, बघू नंतर. आभार मानले असतील.

७ फेब्रुवारी, रविवार
कंबर सुधारते आहे. 'आदर्श प्रवासी' यावर गल्लीत बोललो. सहा जण आले होते, त्यातले दोघे चहा होईपर्यंत थांबले. टाकं साफ करण्याच्या मोहिमेचं नेतृत्व लोकांना विशेष आवडलं. पेंटचा तपशील वेळेअभावी गाळला.

२१ फेब्रुवारी
आप्पासाहेब पुन्हा गडावर जाऊन आले, अकरा मित्र घेऊन. माझ्या नोटिशीचं कौतुक केलं. 'येथे कोणीही नाव लिहू' याच्यापुढे कोणीतरी कोळशाने 'शकतो' लिहिलं आहे. खाली माझी सही आहेच. त्यामुळे सगळ्यांनी निर्धास्तपणे नावं लिहिली. आता कातळ पुरत नाही. आप्पासाहेब म्हणाले, परवानगीची सोय केलीत हे फार बरं झालं.
जेवण गेलं नाही. लोक व्याकरणाकडे लक्ष देत नाहीत.

१३ मार्च, शनिवार
सुमन उद्या गडावर निघाली आहे, गल्लीतल्या सहा बायका घेऊन. काथ्या, वाळू, घासण्या घेतल्या आहेत. कातळ घासणार, कडूबाईंकडे जेवणार, त्यांचाच तांदूळ आणणार. झरा भरला का तेही पाहणार. मी लगेच पोतं काढलं.
तेव्हा तिने जानेवारीतलं बोलणं सांगितलं. कडूबाई म्हणाल्या होत्या, बाई, तुमी कवाबी या, चार जणींना घिऊन या, घर तुमचंच हाय. पन मालकांना तेवढं घरी ठिवून या.
मी विचारलं, तू त्यांना काय म्हणालीस? ती म्हणाली, ठेवते म्हणाले.
पोतं परत जागेवर ठेवलं.
मग लक्षात आलं. गड वाचवायचा तर प्रवाशाने तिथे जाऊच नये, हेच खरं अंतिम प्रिन्सिपल. जिल्ह्यात ते आचरणात आणणारा मी पहिलाच.

१४ मार्च, रविवार
बायकांना सोडायला पहाटे स्टँडवर गेलो. त्यांची गाठोडी गाडीत चढवून दिली. कंडक्टरने विचारलं, तुमचं तिकीट? मी प्रिन्सिपल सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुमनच म्हणाली, ते उतरतायत.
उतरलो. गाडी सुटली. मी हात हलवला. आत गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या होत्या.